पॉलिसीत न बसणारा खर्च

पत्र

ताई, नमस्कार.

वय ४८. राहायला कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीत, कंपनीच्या बसने जाणं-येणं. सकाळी पावणेआठला निघतो, रात्री साडेआठच्या आत दारात उभा राहिलो तर बायको घड्याळाकडे बघते.

गेल्या जूनमध्ये वडील (वय ७६) बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अकरा दिवस हॉस्पिटल. बिल ४ लाख ८० हजार, कंपनीच्या मेडिक्लेममधून ३ लाख १० हजार मिळाले. घरी आणल्यावर वाटलं सुटलो, तर तिथून खर्चाचं दुसरं खातं उघडलं. ब्यूरोची चोवीस तासांची बाई महिन्याला २८ हजार, घरी येणारा फिजिओ, डायपर, औषधं. सात महिने झाले.

माझे रिपोर्ट: बीपी १३८/८८, तीन महिन्यांची साखर (एचबीएवनसी) ५.९, वजन ८१, पोट सुटलेलं. डॉक्टर म्हणाले, "अजून गोळी नको, व्यायाम करा." एजंट म्हणतो एक कोटीचं सुपर टॉप-अप (मूळ विमा संपला की त्यावर चढणारा जादा विमा) घ्या. मित्र म्हणतो जिम लाव, वर्षाचं पॅकेज २४ हजार. बायको म्हणते काही नको, लिफ्ट सोडा. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो.

आता व्यायाम केला तर साठीनंतरचा दवाखान्याचा खर्च खरंच कमी होतो, की हे जिमवाल्यांचं बोलणं? आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू करून असा काय फरक पडणार?

एक वाचक, घोडबंदर रस्ता

उत्तर

नमस्कार.

पत्र वाचून मी आधी कॅल्क्युलेटर काढला. सवयच तशी, सव्वीस वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेली. हॉस्पिटलच्या बिलापोटी तुमच्या खिशातून गेले १ लाख ७० हजार. ब्यूरोच्या बाईंचे सात महिन्यांचे १ लाख ९६ हजार. ज्या बिलाच्या आठवणीनं तुम्हाला अजून घाम फुटत असेल, त्याला बाईंच्या पगारानं मागे टाकलंय. फिजिओ आणि डायपर मी अजून धरलेच नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या बेरजेत आहे. मेडिक्लेम हा खाटेचा विमा आहे. माणूस दाखल झाला तर पैसे मिळतात. बहुतेक पॉलिस्या दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरतात, तेही औषधं-तपासण्यांपुरते. त्यापुढे घरात जे चालतं ते तुमचं तुम्ही बघायचं. दर महिन्याची बीपी-शुगरची पाकिटं, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, गुडघ्याचा शेक, रात्री उठवून बसवायला लागणारी बाई, कमोडची खुर्ची, वॉकर. माझ्या टेबलावर अशी बिलं लोक भाबडेपणानं मूळ फाइलला टाचून पाठवायचे आणि मी त्यावर लाल पेननं 'देय नाही' लिहायची. हजारदा तरी लिहिलं असेल. देशाचा हिशेबही याच अंगानं जातो: २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे भारतात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला.

आता उरलेलं निम्मं उत्तर.

टेक्सासमधल्या डॅलस शहरात कूपर क्लिनिक म्हणून संस्था आहे. तिथे १९७० पासून माणसाला ट्रेडमिलवर चालवतात, चढ वाढवत नेतात आणि 'आता नाही होत' असं तो म्हणेपर्यंत त्याचा दम मोजतात. अशा १९,५७१ जणांच्या नोंदी संशोधकांनी घेतल्या. दम मोजला तेव्हा त्यांचं सरासरी वय होतं ४९, म्हणजे जवळजवळ तुमचंच. ही मंडळी पासष्टी ओलांडून मेडिकेअर या अमेरिकेच्या सरकारी विम्यात आली, तेव्हा १९९९ ते २००९ या काळातला त्यांचा खर्च काढला. पन्नाशीच्या आसपास ज्या पुरुषांचा दम चांगला होता त्यांचा म्हातारपणीचा वर्षाचा सरासरी खर्च निघाला ७,५६९ डॉलर. दम कमी असलेल्यांचा १२,८११. बायकांमध्येही तीच तऱ्हा, ६,०६५ विरुद्ध १०,०२९. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल असे नेहमीचे धोके हिशेबात धरल्यावरही हा फरक उरला. दमाची किंमत रिपोर्टच्या कागदाबाहेरही होती.

हे मोजतात 'मेट' या एककात. स्वस्थ बसल्यावर शरीराला जेवढा प्राणवायू लागतो तो एक मेट. भरभर चालताना साधारण चार लागतात, जिना चढताना त्याच्या दुपटीच्या आसपास. या अभ्यासात एकेका मेटमागे पुढचा खर्च जवळपास सात टक्के कमी दिसला. आजवर फारसा न हललेल्या माणसाला काही महिने नियमित चालून एक मेट कमावणं अवघड नसतं. त्यासाठी मॅरेथॉन पळायची गरज नाही.

पण मी क्लेमवाली आहे, अटी-शर्ती वाचल्याशिवाय सही करत नाही. ती माणसं बहुतांशी गोरी, सुखवस्तू आणि पैसे मोजून तपासणीला जाणारी होती. कुणाला चिठ्ठ्या टाकून 'तू व्यायाम कर, तू करू नकोस' असं सांगितलं नव्हतं. ज्याला दम आहे त्याच्याकडे बहुधा वेळ आहे, बरी नोकरी आहे, खाणंही धड आहे. यातलं काय कशामुळे झालं ते पूर्ण सुटं करता येत नाही. डॉलरचे आकडे गुणाकार करून रुपयात आणू नका, काही अर्थ निघणार नाही. दिशा मात्र मला पटते. त्याच क्लिनिकच्या दुसऱ्या एका अभ्यासात, २०१२ साली, असं दिसलं की मध्यम वयात दम असलेल्यांना हृदयविकार, मधुमेह, स्मृतिभ्रंश असे लांबणारे आजार उशिरा गाठतात आणि आयुष्याच्या शेवटच्या थोड्या वर्षांत गोळा होतात. एकदाचं मरण स्वस्त असतं हो. पंधरा वर्षं रेंगाळणारं दुखणं महाग. कटू वाटेल, पण फायलींचे गठ्ठे वाचून मी याच मताला आले.

'उशीर झाला का' याचं उत्तर द्यायला मला फार आवडतं. १९६६ मध्ये, पुन्हा डॅलसलाच, विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. उठायचंच नाही. त्यांचा दम पार ढासळला. तीस वर्षांनी, पन्नाशीला आल्यावर, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांचा जेवढा दम खाल्ला होता, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेनं खाल्ला होता! मग त्यांच्याकडून सहा महिने हळूहळू वाढवत नेऊन व्यायाम करून घेतला, आणि पन्नाशीच्या त्या गृहस्थांचा दम विशीत खाटेवर जाण्यापूर्वी होता तिथवर परत आला. पाचच माणसं, मान्य. पण ४५ ते ६४ वयाच्या बैठं काम करणाऱ्यांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला, २०१८ मध्ये तो छापून आला, आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम. त्यात हृदयाच्या स्नायूचा ताठरपणासुद्धा कमी झाला. अठ्ठेचाळीस म्हणजे खिडकी सताड उघडी आहे.

तुमच्या ५.९ बद्दल. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा, त्यात तुम्ही अलीकडच्या बाजूला आहात. चेन्नईत अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला. ज्यांनी चालणं आणि खाणं सुधारलं त्यांच्यात मधुमेह व्हायचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. ज्यांना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिली त्यांच्यात २६.४. आणि दोन्ही एकत्र दिलं तरी आकडा तिथेच घुटमळला. आपली माणसं, आपला भात, आपली ढेरी. म्हणून हा आकडा मला डॅलसपेक्षा जवळचा.

मग करायचं काय? वहिनींचं ऐका. पण थोडं बेतानं.

आधी स्वतःचा आजचा दम मोजा. स्पेनमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२० मध्ये एक सोपी कसोटी सांगितली: साठ पायऱ्या, न थांबता, न धावता. मिनिटाच्या आत चढलात तर हृदयाची तब्येत ठीक. दीड मिनिटापेक्षा जास्त लागला तर डॉक्टरांशी बोला. तुमच्या टॉवरमध्ये साठ पायऱ्या म्हणजे साधारण तीन-साडेतीन मजले, मोजून घ्या. छातीवर दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखला, भोवळ आली तर तिथेच बसायचं आणि लगेच दवाखाना. 'गॅस असेल' असं म्हणत घरी झोपलेल्यांच्या फायली मी पाहिल्या आहेत, त्यातल्या क्लेम फॉर्मवर सही बायकोची असायची. तुमच्या डॉक्टरांना जाऊन एकदा सांगाच की व्यायाम सुरू करतोय, ईसीजी काढू का.

दुसरी कसोटी जेवणाच्या टेबलाची खुर्ची. हात छातीशी घडी करून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठ-बस होते? अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याचा धोका याच चाचणीनं जोखतात, आणि साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाची चौदापेक्षा कमी भरली तर ती कमी मानतात. तुम्ही तर अजून पन्नाशीच्या आत. एरवी हा आकडा मी सांगितला नसता. तुमच्या घरात खुबा मोडलाय म्हणून सांगते. खुब्याचं हाड मोडतं पडल्यामुळे, आणि पडणं बऱ्याचदा मांड्यांपासून सुरू होतं. पूर्वी आपण पाटावर जेवत होतो, दिवसातून दहादा जमिनीवरून उठत होतो. आता सोफा, ऑफिसची खुर्ची, बसची सीट, कमोड. मांड्यांना दिवसभर काम कुठलं?

जिना असा. पहिला आठवडा तीन मजले पायी, तिथून लिफ्ट. दर आठवड्याला एक मजला वाढवा, सातव्या आठवड्यात नववा येतो. चढायचं पायी, उतरायचं लिफ्टनं. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो आणि दम फारसा वाढत नाही. रात्री साडेआठला दमून आल्यावर चढवणार नाही, हे मला दिसतंय. मग बॅग वॉचमनकडे ठेवा आणि चढा, बॅग नंतर मुलगा किंवा मुलगी आणेल. लाज वाटू देऊ नका. मी स्वतः त्रेपन्नाव्या वर्षी ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाचा जिना चढताना मध्येच थांबायची आणि मोबाइल शोधतेय असं दाखवत पर्समध्ये हात घालायची. मोबाइल दुसऱ्या हातात असायचा. कुणीतरी एकदा म्हणालं, "काकू, हातात आहे की!" त्या रविवारपासून मी कचराळी तलावाला चकरा सुरू केल्या.

चालणं हवं आठवड्याला किमान दीडशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दीडशे ते तीनशे सांगितलीत, आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. चालायची गती कशी ओळखायची? फोनवर भांडता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती गती. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर चालू नका. ती धूळ आणि ते डंपर, फुप्फुसांचं भलं होणार नाही. सोसायटीच्या पोडियमवर जेवणाआधी वीस मिनिटं, ऐरोलीत डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं कॅम्पसमध्ये. अर्धा तास झाला, पाच दिवसांत दीडशे. रविवारी वाटलं तर उपवनहून येऊरचा चढ, घरच्यांना घेऊन. पण आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम येऊर नको, त्यानं फक्त सोमवार जातो. ताकदीसाठी खुर्चीची उठ-बस, भिंतीला टेकून जोर, पुढे जमतील तशा बैठका. याला पैसे लागत नाहीत.

जिमविषयी माझा पूर्वग्रह आहे, तो आधी सांगते. एप्रिलमध्ये पैसे भरून जुलैत 'पाऊस थांबला की जाईन' म्हणणारी माणसं माझ्या नात्यात पाच आहेत. दोन महिने जिना आणि पोडियम जमलं, तर ज्यांच्याकडे मासिक फी घेतात अशी जिम बघा. वजनं उचलायला शिकवणारा चांगला माणूस मिळाला तर पन्नाशीत त्याचा उपयोग होतोच. वर्षाचं पॅकेज आज घेऊ नका.

आणि एजंटाचं? तोही चुकीचं सांगत नाही, फक्त त्याचा क्रम उलटा आहे. तुमच्याकडे आत्ता आहे तो कंपनीचा गट विमा. नोकरी सुटली की तो सुटला. टॉप-अप वापरता येतं खाली ठरलेली रक्कम भरल्यानंतरच. कंपनीचा विमा गेल्यावर ती रक्कम तुम्ही कुठून भरणार? म्हणून आधी स्वतःच्या नावावर बेताची मूळ पॉलिसी, त्यावर सुपर टॉप-अप. एक कोटीच हवं असा आग्रह नको, हप्ता दहा वर्षं झेपेल एवढंच घ्या. हे व्यायामाच्या निकालाची वाट न बघता याच महिन्यात करा, कारण साखर आज उंबरठ्यावर आहे आणि गोळी सुरू नाही. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घेतली तर तो एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत संपेल, साठीला घ्याल तर ऐन गरजेच्या वेळी चालू असेल. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तोही फायदा आहे.

फॉर्मवर ५.९ लिहा. एजंट म्हणेल, 'गोळी नाही ना चालू, मग कशाला लिहिता?' लिहा. १३८/८८ पण लिहा. रूम-रेंटची मर्यादा नसलेली पॉलिसी बघा. वडिलांच्या बिलात मोठी कापाकापी झाली त्यात बहुधा खोलीच्या भाड्याचा हात आहे. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च असा खोलीला जोडलेला खर्चही त्या प्रमाणात कापतात. सेटलमेंटचं पत्र काढून बघा, 'प्रपोर्शनेट डिडक्शन' असे शब्द सापडतील.

पॉलिसी खाटेचे पैसे भरेल. पोडियमवरच्या चकरांचा संबंध ब्यूरोच्या बाईंच्या अठ्ठावीस हजारांशी आहे, आणि त्यासाठी कुठलाच एजंट तुम्हाला फॉर्म देणार नाही. वडील पडले त्याला तुम्ही किंवा ते जबाबदार आहेत असा अर्थ यातून काढू नका. शहात्तराव्या वर्षी ओल्या फरशीवर कुणीही पडतं. बाथरूममध्ये दोन दांडे आणि खरबरीत मॅट बसवली नसेल तर या शनिवारी बसवा.

खुर्चीची उठ-बस रोज एकाच वेळी करा आणि मोजायला वडिलांना बसवा. घड्याळ त्यांच्या हातात द्या. फिजिओनं परवानगी दिली की मग त्यांची तुम्ही मोजा.

ता. क. वडील सत्तरीच्या वर आहेत, तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंत का? उत्पन्नाची अट नाही, खाजगी विमा असला तरी चालतो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आई असेल आणि तीही सत्तरीची असेल तर तिच्यासह दोघांत मिळून पाच लाख. फक्त योजनेतल्याच हॉस्पिटलात चालतं, त्यामुळे घराजवळची कुठली आहेत ती यादी आधीच बघून फ्रिजवर चिकटवून ठेवा. आधार कार्ड लागेल. आणि पुढच्या पत्रात कमरेचं माप कळवा. पॅन्टचा नंबर नको. शिंप्याची टेप घेऊन बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात.